वेदनेवर विजेचा उतारा

(पडद्यावर: पिंजऱ्यात दांडी दाबत बसलेला उंदीर)

साल १९५३. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातलं मॅकगिल विद्यापीठ. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी एका उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. ती ठरल्या जागी न जाता भलतीकडे गेली. पण ज्या कोपऱ्यात विजेचा हलका झटका मिळाला, तिथेच उंदीर परतपरत जाऊ लागला. पुढे दांडी दाबली की झटका, अशी सोय केली. काही उंदीर तासाला हजारो वेळा दांडी दाबू लागले.

'सुखाचं केंद्र सापडलं' असा गाजावाजा झाला. जरा घाईच झाली. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर बरं वाटणं, ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

(पडद्यावर: मध्यमेंदूचं रेखाचित्र)

मध्यमेंदूत द्रव वाहून नेणारी एक अरुंद नळी आहे. तिच्याभोवती करड्या पेशींचं वेटोळं. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूत तिथे वीज सोडली आणि भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, तरी चिरफाडीला त्यांचा प्रतिसाद नव्हता.

हे घडतं कसं? या पेशींचा आदेश मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूत पोहोचतो आणि वर येणारा दुखण्याचा निरोप तिथेच दाबला जातो. अफूवर्गीय औषधांचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिलं, तर विजेचा हा परिणामही काही अंशी उतरतो. म्हणजे शरीराकडे स्वतःचंच मॉर्फिनसारखं काहीतरी असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी ते शोधलं: एन्केफॅलिन.

मग वेदना थांबणं म्हणजेच सुख का? तसं समजण्याचा मोह होतो खरा. पण त्याच वेटोळ्यात तार जराशी वर सरकली, की भीती दाटते, पळून जावंसं वाटतं. आणि वेदना शमवणाऱ्या प्रत्येक जागेसाठी प्राणी दांडी दाबतोच असंही नाही. दोन्ही यंत्रणा शेजारी आहेत, काही रसायनं सामायिक आहेत. पण त्या एक नाहीत.

(पडद्यावर: नियंत्रकाची चकती फिरवणारं बोट)

शेजार मात्र महागात पडू शकतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नोंद. जुनाट वेदनेसाठी एका स्त्रीच्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे संवेदनांचे निरोप पुढे पाठवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात, तार बसवली होती. विजेने तिला कामसुखाची संवेदनाही होऊ लागली. ती दिवसदिवस यंत्रच चालवत राहिली, घरच्यांकडे आणि स्वतःकडेही तिचं लक्ष उरलं नाही. चकती फिरवून फिरवून बोटाला जखम झाली.

अलीकडचा एक प्रयोग याच शेजाराचा फायदा घेऊ पाहतो. पक्षाघातानंतर वेदनेने पिडलेल्या दहा जणांवरचा क्लीव्हलँड क्लिनिकचा हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. तारा दुखण्याच्या मार्गावर नव्हे, तर भावना आणि बक्षिसाशी निगडित भागात बसवल्या होत्या. मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. वेदनेमुळे येणारी असमर्थता अपेक्षेइतकी घटली नाही. पण वेदनेचा मनाला होणारा जाच कमी झाला. मला हा निकाल अपयशापेक्षा जास्त काही सांगणारा वाटतो.

वेदनेवर उपचार म्हणून मेंदूत तारा बसवण्याची ही पद्धत अजून सर्वमान्य नाही. काहींना वर्षानुवर्षं आराम पडतो, काहींचा परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणून अनेक ठिकाणी छातीत बॅटरी बसवण्याआधी तारांची टोकं काही दिवस बाहेरच ठेवतात. आराम पडला नाही, तर तारा काढून घेतात.