पाणी नको, झाकण

श्रोतेहो, नमस्कार. घरात आग लागू नये म्हणून काय करावं, यावर मला बोलायचंय. झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, काडेपेटी पोरांच्या हाती लागू देऊ नये, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मी तुम्हाला थेट सोलापूरच्या उत्तर कसब्यात, माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात नेते.

मी सातवीत होते. १३ जानेवारी, सिद्धेश्वर यात्रेतला तैलाभिषेकाचा दिवस. मंगळवेढ्याहून पाहुणे आलेले. आत्यानं भज्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि तेवढ्यात हलगी वाजली. मानाचे सात नंदीध्वज निघाले होते! "एवढं बघून येते गं," म्हणत आत्या माडीवर गेली, तिच्यामागं पाहुणे, त्यांच्यामागं आम्ही पोरं. बाराबंदी घातलेला मानकरी तो उंच ध्वज पेलत येतो, ते दृश्य डोळ्यांनीच बघावं. आता सगळे मोबाइल वर धरून उभे असतात, मला ते अजिबात आवडत नाही. असो.

करपट वास आधी मला आला. खाली धावलो तर कढईतून हातभर जाळ उठलेला, फळीवर अंथरलेले कागद काळे पडायला लागलेले. आतेभावानं माठातून तांब्या भरून घेतला. इतक्यात शेजारच्या अक्का दारात आल्या. पद्मशाली बाई, विड्या वळून घर चालवणाऱ्या. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "नीळ्ळु वद्दु! नीळ्ळु वद्दु!" म्हणजे पाणी नको! आतेभावाला तेलुगू कळत होतं, म्हणून त्याचा हात थांबला. सोलापुरातल्या पोरांना शेजाऱ्याची भाषा आलीच पाहिजे, असं मी तेव्हापासून सांगत आलेय.

अक्कांनी गॅसचं बटण बंद केलं. मोठी परात ढालीसारखी पुढं धरली आणि हळूच कढईवर सरकवली. जाळ गुदमरला. आत्या परात उचलायला गेली, तर अक्कांनी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मिरवणूक पुढं गेली, हलगी ऐकू येईनाशी झाली, तरी परात तशीच होती.

तेलाच्या आगीवर पाणी नको, झाकण. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. झाकण लवकर काढलं तर तापल्या तेलाला हवा मिळते आणि ते पुन्हा भडकतं. पेटती कढई उचलून मोरीकडं पळू नका. आणि तेलातून धूर निघायला लागला, की तिथंच गॅस बंद करा. पुन्हा सांगते, पाणी नको, झाकण.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावू नका, बंदही करू नका, दोन्हीनं ठिणगी पडते. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ या नंबरला फोन करा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते.

आणखी एक, सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरांसाठी. खाली माग, वर संसार, आणि जिन्यात सुताची पोती, चादरींचे गठ्ठे. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. कारखान्याच्या आवारातच मालकाचं कुटुंब राहत होतं. ते आठवलं की माझा आवाज आजही जड होतो. जिना मोकळा ठेवा, बाबांनो. आजच्या आज गठ्ठे हलवा, रात्री पोरं तिथूनच खाली उतरणार आहेत. गच्चीच्या दाराला कुलूप असेल, तर किल्ली दाराशेजारीच टांगा.

अग्निशमन दलाचा नंबर १०१. नमस्कार.