हॅचरीतल्या माशांचा हिशोब आणि डिंगेलबाईंचं बिल

नमस्कार मंडळी. आज मासे, म्हणजे हॅचरीतून (माशांची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रातून) सोडलेल्या माशांवर खूण करून हिशोब ठेवायचं काम, आणि त्यासाठी अमेरिकेत मांडलेलं बिल. मिशिगन, शिकागो, मिलवॉकीकडे जी आपली माणसं आहेत त्यांनी तर कान देऊन ऐका, कारण उन्हाळ्यात चार्टर बोटीवर जाऊन सॅमन पकडून फोटो टाकणारे बरेच झालेत आता, पण तो सॅमन इथला नाहीच हे किती जणांना माहितीये?

खरंच नाही. ग्रेट लेक्सचा, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांचा, मूळचा दादा मासा म्हणजे लेक ट्राउट, तो जवळजवळ संपला सी लॅम्प्रीमुळे, म्हणजे ते रक्त पिणारं तोंडाचं लांबडं प्रकरण, कालव्यातून आत आलं आणि माशांना चिकटलं, आणि वरून माणसांनी पकडूनही घेतला बेसुमार. मग मोठा मासाच उरला नाही म्हटल्यावर एलवाइफ नावाची अटलांटिकची छोटी मासळी इतकी माजली की 1967 साली लेक मिशिगनच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचे ढीगच्या ढीग लागले, माणसं नाकाला रुमाल लावून फिरायची. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 ला, मिशिगनच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनहून आणलेल्या अंड्यांपासून वाढवलेला कोहो सॅमन प्लॅट नदीत सोडला होता, पुढच्या वर्षी चिनूक, सॅमनचीच दुसरी जात. खा म्हटलं एलवाइफ. आणि खाल्लं की हो त्यांनी!

तेव्हापासून इथल्या हॅचऱ्या दरवर्षी लाखो पिल्लं सोडतायत, आपल्याकडे धरणात कटला-रोहूची बोटुकली सोडतात तसंच. पण सोडलेला मासा दोन-तीन वर्षांनी गळाला लागला तर तो हॅचरीचा का नदीत आपोआप जन्मलेला, हे बघून कसं ओळखणार? दोन्ही दिसायला सेम. म्हणजे सरकार पैसा ओततंय आणि वाण्याच्या वहीत नुसती उधारी लिहिलीये, जमा कोणाची झाली ते कोरं.

ह्याची किंमत लेक ह्युरॉनने मोजली. तिथे चिनूक बहुतेक जंगलीच, नदीत जन्मलेले निघाले, आणि वरून आपण हॅचरीचेही ओततच होतो, एवढी तोंडं झाल्यावर एलवाइफ किती पुरणार, त्यात शिंपल्यांनी पाण्यातलं खाणं संपवलेलं, आणि 2003-04 च्या सुमारास एलवाइफ बसलीच खाली, पाठोपाठ चिनूक गेला, आणि त्याच्या जिवावर चालणारे धक्क्यावरचे धंदे बसले. आधी कळलं असतं तर पूर्ण वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, पण निदान डोळे बांधून सोडत बसलो नसतो.

तर ह्यावर उपाय म्हणजे टॅगिंग, सोडायच्या आधीच पिल्लावर खूण करायची. कोडेड वायर टॅग म्हणतात, 1960 च्या दशकात पॅसिफिक किनाऱ्यावर निघालेली आयडिया. स्टीलच्या तारेचा तुकडा, लांबी 1.1 मिलिमीटर, जाडी पाव मिलिमीटर, त्यावर आकडे कोरलेले, आणि तो पिल्लाच्या नाकाडात टोचायचा. सोबत शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो छोटा मांसल पर असतो ना, ॲडिपोज फिन, तो कापायचा, म्हणजे बाहेरून बघूनच कळतं. हे सगळं एका लांबलचक ट्रेलरमध्ये होतं, तो ट्रेलर हॅचरीच्या दारात उभा करतात, पिल्लं पाण्यासकट आत जातात, कॅमेरा लांबी मोजतो, मशीन साइजप्रमाणे वाटा लावतं, पर कापतं, टोचतं, आणि पिल्लू पाण्यात परत. भूल नाही, माणसाचा हात लागत नाही, तासाला हजारो होतात.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने हे काम ग्रेट लेक्सवर 2010 पासून मोठं सुरू केलं, आणि निकाल मजेशीर आले. लेक मिशिगनमधल्या चिनूकमध्येही अर्ध्याहून जास्त जंगली, आणि ह्युरॉनमध्ये सोडलेली पिल्लं मोठी होऊन चक्क लेक मिशिगनमध्ये जेवायला गेलेली! ह्युरॉनवाले सोडणार, मिशिगनवाले पकडणार. म्हणून एकेका स्टेटने आपापलं बघून चालतच नाही.

आणि इथेच कायद्याचा मुद्दा येतो. पैसा वर्षाच्या वर्षाला मिळतो, कधी मिळेल कधी कापेल. पण टॅगचं काम असं की आज टोचलेला मासा तीन-चार वर्षांनी हाती लागतो, मध्ये दोन वर्षं खंड पडला की मालिका तुटली. म्हणून मिशिगनच्या खासदार डेबी डिंगेल यांनी 2025 मध्ये ग्रेट लेक्स मास मार्किंग प्रोग्राम ॲक्टचं बिल मांडलंय, हा प्रोग्राम कायद्यातच बसवायचा, स्टेट आणि ट्राइब्स, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमाती, दोघांना सोबत घेऊन. डिंगेल घराण्याला मासे नवे नाहीत बरं का, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचा 1950 चा डिंगेल-जॉन्सन ॲक्ट आहे, तुम्ही रॉड-रीळ घेता त्यावरच्या टॅक्सचा पैसा त्यामुळेच माशांसाठी स्टेटला जातो. मला स्वतःला हे बिल पटतं. मासे सोडायचे पैसे आहेत आणि मोजायचे नाहीत, हे कुठलं शहाणपण?

एक गोंधळ मात्र करू नका. वॉशिंग्टन, ओरेगॉनकडे बऱ्याच ठिकाणी पर कापलेला मासा ठेवायचा आणि अख्ख्या पराचा सोडून द्यायचा असा नियम असतो, तिथे जंगली सॅमन वाचवायचाय. इथे कापलेला पर मुख्यतः मोजदादीसाठी आहे, काय ठेवायचं ते तुमच्या स्टेटच्या नियमांत बघा.

आणि आता आपल्या लोकांसाठी खास. पाठीवरचा तो पर नसलेला मासा मिळाला तर डोकं कालवणात घालायची घाई नको. टॅग नाकाडात असतो, तो मायक्रोस्कोपखाली वाचतात. मिशिगनमध्ये डोकी जमा करायच्या जागा आहेत, तिथे कुठे पकडला, कधी, लांबी किती, वजन किती एवढं लिहून द्यायचं. बाकीचा मासा घरी न्या, तुकड्या छान होतात, कोकम जरा जास्त घाला.