सबस्टेशनचा सांगाडा: कशाला कोणता कोड?

[दृश्य: उन्हाळ्यातलं शेत, काळ्या मातीला पडलेल्या भेगा; मागे ३३ केव्हीची गॅन्ट्री]

खानदेशात सौर प्रकल्प वाढले, तशी नवी सबस्टेशनंही उभी राहतायत. ड्रॉइंग मंजुरीला गेलं, की तपासणारा इंजिनिअर आधी डिझाइन कशावर केलंय ते बघतो. तिथे नुसतं ‘आयएस कोडप्रमाणे’, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे, एवढंच लिहिलेलं असेल तर फाइल परत येते, आणि ते योग्यच आहे. सबस्टेशनच्या सगळ्या बांधकामाला पुरेल असा एक कोड नाही.

यार्डातली जाळीची गॅन्ट्री, म्हणजे तारा ताणून धरणारी पोलादी चौकट, बहुधा आयएस ८०२ ने करतात. तो मुळात लाइनच्या टॉवरचा कोड. ब्रेकर-आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचांच्या पोलादी स्टँडना आयएस ८००, कंट्रोल रूमच्या काँक्रीटला आयएस ४५६. विद्युत निरीक्षक पाहतो ती अंतरं, अर्थिंग, आगीची व्यवस्था. ती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत आहेत.

[दृश्य: गणिताचा कागद, वाऱ्याच्या वेगाभोवती पेन्सिलीचा गोल]

सगळ्यात महागात पडते ती वाऱ्याची चूक. आयएस ८७५ भाग ३ तीन सेकंदांच्या झोताचा वेग धरतो. आयएस ८०२ तोच वेग १.३७५ ने भागून दहा मिनिटांच्या सरासरीवर आणतो आणि पुढे गस्ट फॅक्टरने, म्हणजे झोतासाठीच्या गुणकाने, दाब वाढवतो. समजा वाऱ्याच्या नकाशावर सेकंदाला ३९ मीटर आहे; भागल्यावर २८.४ उरतो. हा आकडा उचलून ८७५ च्या सूत्रात घातला, तर दाब चौरस मीटरला ९१३ न्यूटनवरून ४८३ वर येतो. गॅन्ट्री जवळपास निम्म्या दाबासाठी बनते, आणि कागदावर सगळं बरोबर दिसतं!

भूकंपाला आयएस १८९३. २०१६ च्या नकाशात खानदेशचा बराच भाग झोन ३ मध्ये येतो. हलक्या गॅन्ट्रीत वाराच भारी ठरतो. ट्रान्सफॉर्मर मात्र जड, त्याची चाकं रुळावर जखडलीच पाहिजेत.

[दृश्य: आयसोलेटरचं ब्लेड, जबड्यात तिरकं बसलेलं]

ब्लेड असं तिरकं होतं ते मातीमुळे. पावसाळ्यात काळी माती फुगते, एक पाया वर उचलला जातो, शेजारचा जागेवर राहतो. ब्लेड नीट बसत नाही, तिथे तापतं. म्हणून आयएस २७२० भाग ४० ची फुगवट्याची चाचणी हवी. काळी माती खोलवर असेल तर आयएस २९११ भाग ३ चे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, किमान साडेतीन मीटर. मुरूम वरच लागला तर लांबी कमी चालते. पण ते खड्डा घेतल्यावरच कळतं. शेजारच्या गावचा रिपोर्ट जोडू नये.