दर्या आणि दऱ्या
(माहितीपटाचे निवेदन)

[पाटणादेवी. पहाट. डोंगरांच्या कुशीत धुकं.]

चाळीसगाव मागे पडलं की समोर हे डोंगर उभे राहतात. खाली उतरत गेलेल्या या दऱ्या.

हा शब्द जरा डोळ्यांसमोर धरा. दऱ्या. ‘य’ला डावीकडून चिकटलेला तो आडवा, बारीकसा ‘र’ पाहा. हिंदीला तो लागत नाही. मराठीचं मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही. तोच ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढला, की शब्द होतो दर्या. दर्या म्हणजे समुद्र. आणि खान्देशाला समुद्र नाही.

[देवळातला शिलालेख. अक्षरांवरून हळूहळू सरकणारा प्रकाश.]

हा लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित आणि खगोलाचा ग्रंथ पुढच्या पिढ्यांना शिकवला जावा, म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ राजांनी मठाला दान दिलं. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. घरातली विद्या घरात ठेवायची नाही, हे या मातीत दगडावर कोरलेलं आहे.

[गाव. गच्ची. कपाशीची बोचकी. चटईवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी.]

इथून जवळच्याच एका गावातली ही मुलगी. कॉम्प्युटरच्या पदवीचं शेवटचं वर्ष. मजकुरात शब्द शोधून देणारी एक मुक्त स्रोत लायब्ररी ती कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वापरत होती. लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड. मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा, आणि केलेली दुरुस्ती परत सगळ्यांसाठी द्यावी.

तिने शोधलं ‘दऱ्या’. एकही निकाल नाही. मजकुरात तर दऱ्या होत्या, डोळ्यांना दिसत होत्या. मग तिने ‘दर्या’ शोधून पाहिलं. सगळ्या दऱ्या हजर.

[पडदा जवळून. एकाखाली एक दोन सारखेच दिसणारे शब्द.]

हे नीट बघा. मजकुरातला ‘दऱ्या’ आणि तिने टाइप केलेला ‘दऱ्या’, दोन्ही डोळ्याला एकच. पण कॉम्प्युटरच्या पोटात ते वेगळे आहेत. आडवा ‘र’ दोन रीतींनी लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलंत. दुसरी, साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर. हे एक न दिसणारं चिन्ह आहे. रफार करू नकोस, एवढंच ते सांगतं. कुठला कीबोर्ड काय लिहितो, हे टाइप करणाऱ्याला कळतही नाही.

शोध घेण्याआधी ही लायब्ररी मजकूर साफ करते. न दिसणारी चिन्हं तिला कचरा वाटतात. ती झाडून टाकते. जॉइनर गेला, की ‘र’ चढला डोक्यावर. दरीचा समुद्र झाला.

ज्यांनी ही लायब्ररी घडवली, त्यांच्या हातून हे मुद्दाम झालेलं नाही. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. ही चूक दिसायला मराठी वाचणारा डोळाच लागतो. हे आपण दुसऱ्या कुणावर सोडून चालणार नाही.

[रात्र. गच्चीवर एकच बल्ब. कीबोर्डवरची बोटं.]

आधी तिने इश्यू नोंदवला: काय शोधलं, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं. मग प्रकल्पाची स्वतःची प्रत घेतली, फोर्क. ती आपल्या मशीनवर उतरवली, क्लोन. मूळ कोडला धक्का लागू नये म्हणून वेगळी ब्रांच काढली. या सगळ्याच्या मुळाशी आहे गिट, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनक्सच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते बनवलं, आणि आज जगभरचे प्रोग्रामर त्यावर काम करतात.

दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची. जॉइनरवाला ‘र’ दिसला, की त्या जागी ‘ऱ’ ठेवायचा. पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे हा बदल मूळ कोडमध्ये घ्या, अशी विनंती. आपोआप चालणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या.

[पडद्यावर लाल फुली. मुलीचा चेहरा.]

नापास.

तिची ओळ साफसफाईच्या खाली होती. जॉइनर आधीच झाडला गेला होता, बदलायला काही उरलंच नव्हतं. ओळ उचलून वर नेली.

[सकाळ. चूल. पऱ्हाटीचा जाळ. कळण्याची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर.]

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो. “काय करी ऱ्हायनी वं? जेवी ले ना.”

ऱ्हायनी. अहिराणीतलं हे रोजचं बोलणं. तोच आडवा ‘र’.

[लॅपटॉप. इंग्रजी मजकुराच्या मध्ये दोन मोठे देवनागरी शब्द, एकाभोवती लाल वर्तुळ.]

मेंटेनरचा, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचा, रिव्ह्यू आला. त्याने विचारलं, या दोन शब्दांत फरक काय? तिने दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून चित्र जोडलं, अर्थ सांगितले. पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता. नेपाळीतही हा ‘र’ आहे, आणि तिथे जॉइनर घालूनच लिहितात. त्या मजकुराला धक्का लागेल का? यावर तिने दोन दिवस घालवले. शेवटी बदल फक्त शोधाच्या सूचीत आणि विचारलेल्या शब्दात ठेवला. मूळ मजकूर ज्याने जसा लिहिला, तसाच राहील.

तिसरी सूचना: या बदलाची चाचणी लिहा. म्हणजे पुढे कुणाच्या हातून ही ओळ मोडली, तर लगेच कळेल. परक्या माणसाने तुमचा कोड ओळ न् ओळ वाचावा, चूक दाखवावी आणि थांबून राहावं. असा गुरू फी भरूनही सहज मिळत नाही.

[हिरवी खूण.]

बदल मर्ज झाला, मूळ कोडमध्ये मिसळला. पुढच्या आवृत्तीपासून शोध बरोबर चालतो, नेपाळीतही.

[गच्ची. संध्याकाळ. आई पदराला हात पुसत लॅपटॉपपुढे वाकलेली.]

चाचणीच्या फाइलमध्ये तिने चार शब्द घातले आहेत. आई पडद्यावर बोट ठेवून वाचते आहे. दऱ्या. वाऱ्यावर. पऱ्हाटी.

चौथ्या शब्दावर बोट थांबतं.

[आवाज फक्त आईचा: “ऱ्हायनी…”]