आईबाबा, थोडा वेळ बाहेर बसा

(पालक-शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी विषय दिलाय, 'किशोरवयीन आणि तरुण मुलांचं समुपदेशन कसं करतात'. त्याकडे येणारच आहे. पण एवढे पालक एकत्र भेटलेत, तर आधी मनातलं बोलून घेते.

माझ्याकडची पहिली भेट बहुतेकदा अशी असते. अकरावीतला मुलगा मध्ये, दोन बाजूंना आईबाबा. मी विचारते, "झोप लागते का रे नीट?" आई सांगते, "कसली झोप मॅडम, दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल." "जेवतोस ना?" बाबा म्हणतात, "घरचं नको असतं याला." मग विचारते, "कॉलेजात तुझं कोणाशी जमतं?" आता दोघंही एकमेकांकडे बघतात. हसलात, म्हणजे ओळखीचं दिसतंय! मुलगा तोवर बॅगेची चेन उघडतोय, लावतोय. बरेचदा त्याला खोटं सांगून आणलेलं असतं. "करिअर गायडन्स आहे, चल." इथे आल्यावर त्याला कळतं की बिघडलेला म्हणून आपल्यालाच दाखवायला आणलंय. असा मुलगा माझ्याशी का बोलेल?

म्हणून माझा पहिला प्रश्न आजाराबद्दल नसतो. "इथे यायचं कोणी ठरवलं? तुला काय सांगितलं होतं?" एवढंच विचारते. तो म्हणाला, "मला यायचंच नव्हतं," तर मी म्हणते, "बरं झालं सांगितलंस." मग आईबाबांच्या देखतच नियम ठरवते. तू बोलशील ते माझ्याकडे राहील. अपवाद दोनच. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी गप्प बसणार नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं मला कळवावंच लागतं. हे आधीच सांगायचं, मुलानं मन मोकळं केल्यावर नाही. त्यानंतर आईबाबांना बाहेर बसायला सांगते.

आणि रात्री मेसेज येतो. "मॅडम, काय म्हणाला? थोडंसंच सांगा, त्याला कळणार नाही." त्यामागची काळजी मला दिसते. पण मुलांना कळतं हो! जेवताना आई एखादं वाक्य बोलून जाते आणि पुढच्या वेळी मुलगा माझ्यासमोर "ठीक आहे"च्या पलीकडे एक शब्द काढत नाही. घरी काही सांगणं गरजेचं असेल, तर काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ते मी मुलाबरोबर ठरवते. शक्यतो तोच सांगतो, मी शेजारी बसते.

तरुणांचं तर आणखी अवघड. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारी चोवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे येते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. गावाहून वडिलांचा फोन, "फी मी भरतो, मला कळायला नको?" ती येते की नाही, एवढंसुद्धा मी तिच्या परवानगीशिवाय सांगत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क उपचार घेणाऱ्याला दिलाय. पावती कोणाच्या नावानं फाडली, त्यानं तो बदलत नाही. शेतीच्या पैशातून फी भरणाऱ्या बापाला हे ऐकवताना माझाही जीव कळवळतो. तरी ऐकवते, कारण तिथे मी पाघळले तर ती मुलगी पुन्हा कोणत्याच समुपदेशकाची पायरी चढणार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत, तर पद्धत भरभर सांगते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारा विचार पुराव्यावर तपासून बघायची पद्धत, मी खूप वापरते. "नीटमध्ये नंबर लागलाच पाहिजे, नाहीतर मी फुकट आहे," या वाक्याचे आम्ही दोन तुकडे करतो. नंबर लागावा ही इच्छा, ती राहू दे, जोरात राहू दे. "नाहीतर मी फुकट" याला पुरावा काय? तो मुलानं शोधायचा, मी भाषण देत नाही. ज्याचं उठणं-बसणंच थांबलंय, त्याच्याशी मात्र आधी विचारांची चर्चा करत नाही. उद्या किती वाजता अंघोळ, कोणाबरोबर चहा, इतकं लहान काम ठरवतो. झोपेचं म्हणाल, तर या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, उशिरा झोप येणं हा सगळा आळस नव्हे. आठ ते दहा तास झोप लागते त्यांना, आणि आपण पहाटेचे क्लास लावतो.

शेवटचं, आणि यावर घाई करणार नाही. मूल "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर विषय बदलू नका. "मरणाचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइल काढा आणि लिहून घ्या. मुलांनाही द्या, पण त्यांनी फोन केला का, हे तपासत बसू नका.