गोदाकाठची पूररेषा: नवी आखणी आणि बांधकामाची परवानगी

श्रोतेहो, नमस्कार.

गोदाकाठच्या गावात प्लॉट बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नदीपासून किती फूट सोडावं लागतं?" पैठणला जा, गंगाखेडला जा, नांदेडला जा, मध्यस्थ लगेच एक आकडा सांगतो, घेणारा मान डोलावतो आणि इसारपावती होऊन जाते. घोटाळा तिथेच होतो. पूररेषा फुटांनी मोजून आखत नाहीत, ती पाण्याच्या पातळीवरून ठरते. ठरावीक मोठा पूर आला तर या जागी पाणी समुद्रसपाटीपासून किती मीटरवर चढेल, हे आधी गणिताने काढतात. ती पातळी जमिनीला जिथे जिथे टेकते ते बिंदू जोडले की नकाशावर रेषा उमटते. म्हणून एकाच गावात एका काठाला ती पात्रालगत चिकटलेली असते आणि समोरच्या काठाला पार शिवारात शिरलेली असते.

रेषा दोन. निळी आणि लाल. पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून ही पद्धत राज्यात चालत आली आहे. निळ्या रेषेसाठी दोन विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, काढतात: सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, आणि नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी. यांतला जो जास्त, तो धरायचा. लाल रेषेसाठी सरासरीने 100 वर्षांतून एकदा येणारा पूर. नदीवर वर धरण असेल, तर सांडव्यावरून सुटणारा महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून येणारं पाणी, दोन्हींची बेरीज करावी लागते. गोदावरीवर हे फार महत्त्वाचं आहे, कारण नांदेडचा पूर काही एकट्या पैठणहून येत नाही. माजलगाव धरणाखालून सिंदफणा येऊन मिळते, येलदरी आणि सिद्धेश्वरच्या खालून पूर्णा येते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे बंद असतानाही खालच्या भागात नदी भरून वाहू शकते.

"25 वर्षांतून एकदा" ऐकून बरेच जण निश्चिंत होतात. 2006 ला मोठा पूर येऊन गेला, म्हणजे आता 2031 पर्यंत बघायला नको, असा हिशेब मांडतात. तसं नसतं. दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार, एवढाच त्याचा अर्थ. घराचं आयुष्य 30 वर्षं धरलं, तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ 70 टक्के निघते. लाल रेषेचीही 26 टक्के आहे. लाल रेषेपर्यंत पाणी कधी येतच नाही, असं सांगणाऱ्याला हा आकडा ऐकवावा.

आता परवानगीचं. 3 डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध आहे. तिथे उघडी पार्किंग, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन अशी कामं बसतात, नवं घर बसत नाही. आधीपासून अधिकृत असलेल्या इमारतीचा पुनर्विकास पाटबंधारे खात्याच्या ना हरकतीने होऊ शकतो. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित आहे. तिथे बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटरने, म्हणजे साधारण दीड फुटाने, वर हवी. प्लॉटचा काही भाग निळ्या रेषेच्या आत गेला, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्र, उरलेल्या भागावर वापरण्याची तरतूद आहे. ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला माहीत नसते.

जोत्याचा हिशेब एकदा आकड्यांनी करून पाहू. समजा, पूररेषेच्या नकाशावर नदीचे दोन आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत पातळ्या मोजलेल्या रेघा, आहेत, एकमेकांपासून 800 मीटरवर. वरच्या छेदावर लाल रेषेची पातळी 356.40 मीटर, खालच्यावर 356.10. तुमचा प्लॉट वरच्या छेदापासून 300 मीटर खाली आहे. 800 मीटरमध्ये पाणी 30 सेंटिमीटर उतरतं, तर 300 मीटरमध्ये सव्वाअकरा. म्हणजे प्लॉटपाशी लाल रेषेची पातळी 356.29 आली. त्यात 0.45 मिळवले की जोतं 356.74 वर. प्लॉटची जमीन 355.10 वर असेल, तर जोतं जमिनीपासून 1.64 मीटर, म्हणजे जवळपास साडेपाच फूट, उचलावं लागेल. पायऱ्या, भराव, धारक भिंत असा सगळा खर्च त्यावर आला. प्लॉट स्वस्तात मिळाला म्हणून खूश होण्याआधी हा हिशेब करायचा असतो.

आता मुख्य मुद्दा: रेषा नव्याने आखतात ती कशी, आणि का.

कारणं पुष्कळ असतात. नदीवर नवे बंधारे झाले, पुलाचे भराव आडवे आले, जुना सर्व्हे विरळ होता, किंवा मोठा पूर येऊन गेला आणि पाणी रेषेच्या पलीकडे गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये गोदावरी, मांजरा, सीना पात्राबाहेर आल्या, त्यानंतर अनेक गावांत ही चर्चा सुरू झाली. उलट मागणीही असते: आमचं रान उगीच लाल पट्ट्यात गेलं, रेषा खाली घ्या. दोन्ही मागण्यांना काम एकच लागतं.

पहिलं काम विसर्ग ठरवण्याचं. केंद्रीय जल आयोगाची ढालेगाव, गंगाखेड, येळी अशी मापनकेंद्रं गोदावरीवर आहेत, त्यांच्या वर्षावर्षाच्या महत्तम विसर्गाच्या नोंदींवरून 25 आणि 100 वर्षांचा पूर काढतात. इथे एक खोच आहे. जायकवाडी 1976 ला पूर्ण झालं. त्याआधीच्या नोंदी मोकळ्या नदीच्या, नंतरच्या धरणाखालच्या. छोटे पूर धरण पोटात घेतं, मोठे पुढे सोडतं. दोन्ही काळांची सरमिसळ करून सूत्र चालवलं तर उत्तर नीटनेटकं दिसतं, पण ते कुठल्याच नदीचं नसतं. अहवाल वाचताना एककही बघा. अहवालात बहुधा क्युमेक (सेकंदाला घनमीटर) असतं, बातम्यांत क्युसेक (सेकंदाला घनफूट). एक क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक.

दुसरं काम मोजणीचं. नदीचे आडवे छेद घ्यायचे, तेही पात्रापुरते नाहीत, दोन्ही काठांवर जमीन पुरेशी उंच होईपर्यंत. उंचीचा आधार भारतीय सर्वेक्षण खात्याच्या तलचिन्हाचा, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठरवलेल्या खुणेचा, हवा. सॅटेलाइटच्या आधारे चालणाऱ्या मोजणी यंत्रावर थेट मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात दोन्हींतला फरक 50 मीटरहून जास्त आहे. एवढी मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते, पण दुरुस्ती करताना राहिलेली अर्ध्या मीटरची चूक कुणालाच दिसत नाही, आणि नुकसान तीच करते. गोदाकाठची काळी जमीन किती सपाट आहे ते आपण जाणताच. 200 मीटरला एक मीटर उतार असेल, तर अर्ध्या मीटरच्या चुकीने रेषा 100 मीटर सरकते. शंभर मीटरमध्ये अख्खं ले-आउट बसतं.

तिसरं काम पाण्याची पातळी काढण्याचं. छेद, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा संगणकाच्या प्रतिमानात घालतात. खडबडीतपणाचा गुणांक स्वच्छ, सरळ पात्राला 0.03 च्या आसपास, उभ्या पिकाला 0.04 च्या आसपास आणि वेड्या बाभळीच्या दाट झुडपाला 0.10 पर्यंत जातो. गुणांक वाढला की पाणी संथ होतं आणि तेवढाच पूर उंच चढतो. काठ बाभळींनी भरलेला असताना अहवालात 0.03 लिहिलं असेल, तर रेषा खाली येणारच. याबद्दल विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. जागेचे फोटो आणि अहवालातला आकडा शेजारी ठेवले की पुरे.

आणि खालचं टोक. पातळीचा हिशेब नदीच्या खालच्या बाजूकडून वरच्या बाजूला करत नेतात, त्यामुळे शेवटच्या छेदावर कुठली पातळी धरली, यावर वरची सगळी आकडेमोड उभी असते. नांदेड शहरात विष्णुपुरी प्रकल्पाचं पाणी आणि आसना नदीचा संगम दोन्ही बघावे लागतात. धर्माबाद, बिलोलीकडे बाभळी बंधारा आणि पुढे तेलंगणातल्या श्रीराम सागर धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे चढणारं पाणी, येतो. फुगवटा सोडून देऊन केलेली आखणी कागदावर निर्दोष दिसते, पण पहिल्या मोठ्या पुरात उघडी पडते.

वाळूचं एक सांगायलाच हवं. "वाळू उपशाने पात्र खोल झालं, आता पाणी वर येणार नाही, रेषा खाली घ्या," असा अर्ज हमखास येतो. हा युक्तिवाद टिकत नाही. पात्रातला खड्डा आधीच पाण्याने भरलेला असतो. पुराची पातळी ठरवतो तो खालच्या बाजूचा अडथळा: बंधारा, पूल, खडकाची पायरी. खड्डा पुढच्या पुरात गाळाने भरूनही जातो. तीच गत भरावाची. मुरूम टाकून प्लॉट लाल पातळीच्या वर आणला म्हणजे प्लॉट पट्ट्याबाहेर गेला, असं होत नाही. तुमच्या जागेतलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात गेलं, एवढंच. आणि सगळ्यांनी तेच केलं तर पातळीच वर चढते.

पैठणच्या बाजूच्या श्रोत्यांनी एक गल्लत टाळावी. धरणाच्या वर नाथसागराभोवती, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाभोवती, वेगळ्याच हद्दी आहेत. पूर्ण संचय पातळी 1522 फूट आणि त्यानुसारची संपादनाची हद्द, 1986 सालच्या जायकवाडी पक्षी अभयारण्याची हद्द, आणि त्याभोवती 2017 ला अधिसूचित झालेलं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. गाळपेऱ्याची (जलाशयाचं पाणी ओसरल्यावर पेरायची) जमीन, अभयारण्याभोवतीचं हे संवेदनशील क्षेत्र आणि पूररेषा या तिन्हींची खाती वेगळी, कायदे वेगळे. एकाची ना हरकत दुसऱ्याला चालत नाही.

कोकणात जागा घेणारे आपल्याकडे आता बरेच झाले आहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तिथे किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना चालते, सध्या 18 जानेवारी 2019 ची. हद्द भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत आणि खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तिथपर्यंत असते. भरतीरेषा अधिकृत संस्थेनेच दाखवलेली हवी, स्थानिक सर्व्हेअरच्या नकाशावर परवानगी मिळत नाही.

परत गोदाकाठी. रेषेवर हरकत घ्यायची असेल, तर आधी संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करून तीन कागद मागा: मंजूर पूररेषेचा नकाशा, छेदनिहाय पातळीचा तक्ता आणि विसर्ग कसा काढला ते सांगणारा अहवाल. नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांत मागता येतात. नुसता नकाशा घेऊन फार उपयोग नाही, तक्ता हवा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्या आणि गटाच्या कोपऱ्यांच्या पातळ्या तलचिन्हावरून काढून घ्या. पूररेषेचा नकाशा अक्षांश-रेखांशावर असतो, गावनकाशा जुन्या साखळीच्या मोजणीवर. एकावर एक ठेवले की दहा-वीस मीटर इकडेतिकडे सहज होतं, आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तेवढंच असतं. विसर्ग, पातळी सगळं बरोबर असतं, फक्त गट चुकीच्या जागी बसवलेला असतो. अशी दुरुस्ती लवकर होते. विसर्गावरच आक्षेप असेल तर प्रकरण वरिष्ठांकडे जाणार आणि वेळ लागणार, हे गृहीत धरा.

शहराचा प्रारूप विकास आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाला, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली हरकतीला 30 दिवस मिळतात. त्यात "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत जातो आणि तिथेच राहतो. "छेद क्रमांक अमुक, तक्त्यातली पातळी एवढी, आमच्या गटाची प्रत्यक्ष पातळी एवढी, सोबत 'क' प्रत" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

येत्या पावसाळ्यासाठी एक काम आतापासून लक्षात ठेवा. पूर ओसरला की भिंतीवर, झाडाच्या खोडावर, देवळाच्या खांबावर गाळाची रेघ राहते. चुना लागण्याआधी तिथे खिळा ठोका किंवा रंगाची खूण करा. पाणी सर्वांत वर कधी होतं तो दिवस आणि वेळ लिहून ठेवा, फोटो काढा, आणि आठवडाभरात त्या खुणेची पातळी तलचिन्हावरून काढून घ्या. एका गावात अशा चार-पाच खुणा, नदीच्या दोन्ही काठांवर, पुलाच्या वर आणि खाली. प्रतिमानातली पातळी या खुणांशी जुळते का हे बघूनच खडबडीतपणाचा गुणांक पक्का करतात, आणि नवी आखणी करणाऱ्यांना नेमक्या याच नोंदी गावात मिळत नाहीत. खुणांची यादी तलाठी कार्यालयात आणि पाटबंधारे उपविभागात देऊन पोच घ्या.

नमस्कार.