बारावीनंतर: मोठ्या स्वयंपाकघराचं शिक्षण

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी पुढे काय याची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत सहसा न निघणाऱ्या एका कामाबद्दल आज बोलायचं आहे. रुग्णालयाचं स्वयंपाकघर, वसतिगृहाची मेस, कारखान्याचं कॅन्टीन चालवण्याचं काम. शेकडो माणसांना रोज, ठरल्या वेळी आणि बेताच्या पैशात जेवू घालायचं. हे करणारा माणूस शिकलेला हवा. पुन्हा सांगते, शिकलेला हवा. हाताला चव आहे, एवढ्यावर हे काम निभत नाही.

का निभत नाही, ते एका प्रसंगातूनच सांगते. मी तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहाची मेस बघत होते. हॉटेल मॅनेजमेंट शिकणारी एक मुलगी आमच्याकडे प्रशिक्षणाला आली. आमच्या आचाऱ्यांना सगळे मामा म्हणायचे. फोडणीच्या वासावरून मीठ राहिलंय का सांगणारा माणूस! या मुलीने खिशातून लांब दांडीचं थर्मामीटर काढलं, तसे मामा म्हणाले, "पोरी, अन्नाला कधी ताप येतो का?"

रविवारी नाश्त्याला छोले असायचे. ते शनिवारी रात्रीच शिजवून, दोन मोठ्या पातेल्यांत काठोकाठ भरून, झाकण घालून कोल्डरूममध्ये ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये कधी कधी त्यांना आंबूस वास यायचा. मग टोमॅटो जास्त झाला असेल, असं म्हणून विषय संपायचा.

त्या रविवारी सकाळी सहा वाजता मुलीने पातेल्याला हात लावला. बाहेरून थंडगार. मग थर्मामीटर मधोमध, खोलवर खुपसलं. काटा 38 अंशांवर! रात्रभर कोल्डरूममध्ये राहूनही पातेल्याचं पोट कोमट होतं. तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मामा, पुढच्या शनिवारी एक पातेलं तुमच्या पद्धतीने ठेवू, एक माझ्या."

पुढच्या शनिवारी तिने दुसऱ्या पातेल्यातले छोले परातींत काढले. थर दोन बोटांचा, त्याहून जाड नाही. पराती बर्फाच्या पाण्यावर ठेवल्या, छोले निवले तशा आत नेल्या. सकाळी झाकणं उघडली. परातीतल्या छोल्यांचा रस्सा घट्ट, वास स्वच्छ. मामांच्या पातेल्यात मधोमध बारीक फेस, आणि वास सांगायला नकोच. मामांनी डाव आत घालून एकदा ढवळलं, नाकाशी नेला, आणि कोणी काही म्हणायच्या आत पातेलं स्वतः ओतून दिलं. कमी पडलेल्या नाश्त्याचं काय? मुलीने रात्रीच कोठीतून पोहे काढून ठेवले होते. निकाल काय लागणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मुलींना उपाशी ठेवायचं नाही हेही.

दुपारी मामांनी तिला विचारलं, "हे शिकवतात कुठे?"

तर श्रोतेहो, 5 ते 60 अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. गरम अन्न 60च्या वर, थंड अन्न 5च्या खाली. लक्षात ठेवा, गरम 60च्या वर, थंड 5च्या खाली. आणि निववायचं असेल तर 60 वरून 21 वर दोन तासांत आलंच पाहिजे.

हे शिकवतात कुठे? मुंबईत दादरला इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने ती 1954 मध्ये काढली. अशा केंद्रीय संस्थांत तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा देऊन जाता येतं. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. रुग्णालयाकडे ओढा असेल तर आहारशास्त्र घ्या, त्यात पुढे रुग्णालयातली इंटर्नशिप येते. आणि जे आधीच कामावर आहेत, त्यांच्यासाठी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण आहे. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा. मामांनी पुढे हेच केलं.

या शिक्षणाला गृहिणीपणाचा अभ्यास म्हणून नाक मुरडणारे मला अजून भेटतात. त्यांनी एक हिशेब मांडून दाखवावा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 आणि 20. हे आकडे तांदूळ, डाळ, तेलाच्या वजनात उतरवायचे, आणि शेवटच्या ताटापर्यंत तेवढंच पोचवायचं.

जाता जाता, लग्नातली बफे पद्धत मला अजिबात पटत नाही. पंगतीत वाढपी ताट बघून वाढायचा, आग्रह असला तरी अंदाज त्याचा असायचा. आता ताटं भरतात आणि तशीच खरकट्यात जातात. मेसचं कंत्राट निव्वळ सर्वांत कमी दरावर द्यायची पद्धतही तशीच वाईट. दर कमी केला की आधी डाळ पातळ होते.

असो. मुलाला किंवा मुलीला या वाटेने जायचं असेल, तर फॉर्म भरण्याआधी ओळखीतल्या एखाद्या मोठ्या मेसमध्ये परवानगी काढून जेवणाच्या वेळी तासभर उभं राहू द्या. गरमी, घाई आणि आवाज सोसवतोय का, ते तिथे कळेल. नमस्कार.